दिल्लीला विमान बदलायचं आहे

खोडाळा,
८ डिसेंबर २०२४

देवादादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचतात, पण वाचतोस का ते कळत नाही. म्हणून कागद. तुझ्या दिल्लीच्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, ऑफिसचाच आहे. पाठवणाऱ्याच्या जागी माझं सासरचं नाव-गाव टाकलंय. साखरशेत वाचून तरी पाकीट फोडशील असं वाटलं.

आपला रूपेश पडला. मस्कतला, कामावर. वेल्डिंग करायला वर चढला होता, पायाखालची फळी निसटली. इथे भात पोटरीला आलं होतं तेव्हाची, भाद्रपदातली गोष्ट. तुला तेव्हाच कळवायला फोन केले होते. मांडीचं हाड आणि कंबरेजवळचं हाड, दोन्ही मोडली. रॉड घातलाय, पण जखम बरी होत नाही, पुन्हा पुन्हा चिघळते. जव्हारचा शोएब, निजामचाचांचा मुलगा, त्याच कंपनीत आहे. त्यानेच रूपेशला तिकडे नेलं होतं. कामावरून सुटला की रोज दवाखान्यात जातो, त्याला भरवतो, दाढी करून देतो. परवा शोएब फोनवर मला म्हणाला, "ताई, हड्डीचं मला टेन्शन नाही. हा बोलत नाही, जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. याला घरी न्या."

दुसरं ऑपरेशन मुंबईत करायचं ठरलंय. तिथल्या दवाखान्यात खाटेची सोय झाली आहे. पण एकट्याला विमानात बसवायला कंपनी तयार नाही, सोबत घरचं माणूस हवं म्हणते. शोएबला रजा नाही. मला आठवा महिना आहे. माझ्या नवऱ्याचा पासपोर्ट निघाला नाही, आधारवरच्या नावात आणि शाळेच्या दाखल्यात फरक निघाला.

आई जाते आहे.

हे वाचून तू हसशील किंवा कागद बाजूला ठेवशील. पण खरं आहे. आम्ही सगळे ओट्यावर बसून कोण जाईल त्याचा घोळ घालत होतो. आई आत नागली पाखडत होती. सूप घेऊनच दारात आली आणि म्हणाली, "माझा फोटो काढून आणू का? त्या पुस्तकाला फोटो लागंल." तिचा पासपोर्ट मात्र लगेच आला. चौकशीला पोलीस आले तर त्यांना तिने चहा दिला आणि मस्कत कुठे असतं ते विचारलं. त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

थेट मुंबईचं विमान मिळालं नाही, त्या आठवड्यात सगळी भरलेली. येताना दिल्लीला उतरून दुसरं विमान पकडायचं आहे. परदेशातलं विमान तिथे संपतं, देशातलं तिथून सुरू होतं, आणि मधल्या वेळात सामान उचलून पुन्हा द्यायचं असतं, असं शोएबने सांगितलंय. दहा जानेवारीला सकाळी दिल्लीत उतरतील.

मी तुला ये म्हणून लिहीत नाही. कळवायचं म्हणून कळवलं.

प्रगती


साखरशेत,
१९ जानेवारी २०२५

देवादादा,

मला मुलगी झाली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, जव्हारच्या दवाखान्यात. दोघी बऱ्या आहोत.

रूपेश मुंबईत आहे. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जखम आतून साफ केली, जुना रॉड काढून नवा बसवला. ताप उतरलाय. आई त्याच्याजवळ आहे. मी बाळंतपणाच्या खाटेवर पडून रोज दोघांशी फोनवर बोलते आणि ऐकलेलं मनात जुळवून ठेवते. आज बाळ झोपलंय म्हणून लिहायला बसले. तुला कोणीतरी हे सांगायला हवं. तू आईबद्दल जे बोलला होतास ते सगळ्या भावकीसमोर बोलला होतास. मी निदान कागदावर तरी दुसरी बाजू मांडते.

जाताना तिला काही त्रास झाला नाही. निजामचाचांनी स्वतः गाडी करून तिला मुंबईला सोडलं, शकिलाचाचींनी तिच्यासाठी आपली शाल दिली. मस्कतला शोएब घ्यायला आला. ती पोचली, खाटेजवळ गेली आणि रूपेशला म्हणाली, "ऊठ, तोंड धू." रूपेश सांगतो, इतके दिवस सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, आई आली ती घरच्यासारखी ओरडली, म्हणून मी तोंड धुतलं. त्या दिवशी तो जेवला.

पुढचं दिल्लीचं.

विमान धुक्यात अडकलं. खाली जागा मिळेना म्हणून वर घिरट्या घालत राहिलं. उतरलं तेव्हा पुढच्या विमानाची वेळ अगदी तोंडावर आली होती. बाकीचे लोक दार उघडायच्या आधीच उभे राहिले. चाकाच्या खुर्चीवाल्यांना सगळ्यांत शेवटी उतरवतात, तसा तिथला नियम आहे. रूपेशला विमानात वेदना सुरू झाल्या म्हणून आईने डॉक्टरांनी दिलेली गोळी दिली होती. त्या गोळीने माणूस गुंगतो. म्हणजे बघ, वाचता येणारा गुंगीत आणि त्याला नेणारी वाचू न शकणारी.

खुर्ची ढकलणारा माणूस चांगला होता, पण त्याला घाई होती. पासपोर्टच्या खिडकीवर अधिकाऱ्याने विचारलं, "अम्मा, कहाँ गई थी?" आई म्हणाली, "बेटे को लाने." तुला आठवत असेल, तरुणपणी ती ठाण्याच्या बाजूला वीटभट्टीवर जायची. तिथे शिकलेली हिंदी तिने इतकी वर्षं कुठे जपून ठेवली होती कोण जाणे. अधिकाऱ्याने रूपेशकडे बघितलं, शिक्का मारला, काही विचारलं नाही.

मग सामान. रबरी पट्ट्यावरून बॅगा फिरत येतात म्हणे, सगळ्या काळ्या. शोएबने त्यांच्या दोन्ही बॅगांना आईच्या लुगड्याची पट्टी बांधून दिली होती. एक आली. दुसरी येईना. दुसरीत रूपेशची कामाची हत्यारं, बूट, आणि तिकडून आम्हा सगळ्यांसाठी घेतलेल्या वस्तू होत्या. खुर्चीवाला म्हणाला, "माताजी, रुकोगे तो फ्लाइट जाएगी." आईने पट्ट्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "चल." मी नंतर फोनवर विचारलं, तुला काही वाटलं नाही का गं? म्हणाली, "त्या पेटीसाठी गेले हुते का मी?"

तरी विमान गेलंच. बॅग पुन्हा द्यायच्या खिडकीवर पोचेपर्यंत ती बंद झाली होती. तिथल्या मुलीने सांगितलं की धुक्यामुळे चुकलंय, दुपारच्या विमानात जागा देते, पण ते दुसऱ्या इमारतीतून सुटतं. बाहेर जा, बस पकडा, तिकडे पुन्हा आत जा. आणि ही खुर्ची इथपर्यंतच, तिकडे दुसरी मिळेल.

तेव्हा आईने मला फोन केला. मी घरी एकटी. ती काय म्हणाली असेल? मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "प्रगती, गाडी चुकली. दुसरी हाय दुपारला. घाबरू नको, तुझी तब्येत सांभाळ." आणि मीच रडले. मग मी तुला फोन लावायला लागले. लावतच राहिले. शेवटी एक मेसेज टाकला, आई आणि रूपेश दिल्लीच्या विमानतळावर अडकलेत, एवढाच.

तिकडे आईने काय केलं ते रूपेशला अर्धवट आठवतं, बाकीचं तिच्याकडून काढून घ्यावं लागलं. तिने त्या खिडकीवरच्या मुलीला म्हटलं, "बेटी, वो खुर्ची आएगी तब तक ये खुर्ची नहीं छोडूँगी." भांडून नाही. नुसती खुर्चीच्या दांड्याला हात धरून उभी राहिली. खुर्चीवाला म्हणाला माझी ड्यूटी आहे, दुसरा प्रवासी आहे. आई म्हणाली, "तू जा बेटा, तेरे को काम है. खुर्ची रहने दे." त्या मुलीने तीन-चार फोन केले. मग दुसऱ्या बाजूचा माणूस खुर्ची घेऊन इकडे आला. दोघांनी मिळून रूपेशला उचलून त्या खुर्चीत बसवलं. आईने पाय धरला होता. रूपेश म्हणतो, एवढ्या प्रवासात तेवढा वेळ मला दुखलं नाही, कारण पाय तिच्या हातात होता.

बसने दुसऱ्या इमारतीपर्यंत गेले. दारात जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतात. तिथे बराच वेळ गेला म्हणते. का, ते विचारलं तर म्हणाली गर्दी होती.

आत पुन्हा तपासणी. रूपेशच्या पायाला यंत्र लावलं की ते वाजायचं. जवान म्हणाला पट्टी सोडून दाखवावी लागेल. आईने एक्स-रेचं मोठं पाकीट पूर्ण प्रवासात काखेतून खाली ठेवलं नव्हतं. तिने फिल्म काढली आणि दिव्यासमोर धरली. "ये देखो, लोहा है. अंदर है." मागची रांग थांबली. जवानाने वरच्या अधिकाऱ्याला बोलावलं, त्याने फिल्म बघितली, कागद बघितले, पट्टीवरून हाताने चाचपलं आणि जा म्हणाला. जाताना त्या जवानाने स्वतः फिल्म पाकिटात घालून दिली.

रूपेशला जास्त वेळ बसवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिथल्या बाकांना मधे मधे दांडे. आईने एका खांबाजवळ जमिनीवर गोधडी अंथरली. एक साहेब आला, इथे झोपता येत नाही म्हणाला. आई म्हणाली, "जहाँ आता है वो जगह दिखाओ, उठती हूँ." साहेब जरा घुटमळला. मग त्याने दोघांना तिथल्या छोट्या दवाखान्याच्या खोलीत नेलं. तिथे खाट होती. रूपेश आडवा झाला, आणि आईने खाली बसून भाकरी खाल्ली. मस्कतमध्ये शोएबच्या खोलीवर तिने नागलीच्या भाकरी भाजून बांधून घेतल्या होत्या. पीठ इथून नेलं होतं.

संध्याकाळी मुंबईत उतरले. निजामचाचा आणि माझे यजमान बाहेर उभे होते. चाचा सांगतात, दारातून आधी एक खुर्ची आली, मग मागून शाल पांघरलेली आपली आई, त्यांची माघी वहिनी. चाचा जव्हारला माणसांत बसले की अजून हेच सांगतात. म्हणतात, मी पोराला परदेशी पाठवताना छाती काढून फिरलो, पण पोराला आणायला जायची वेळ आली असती तर मी ओट्यावरून उठलो नसतो.

दवाखान्यात खाट ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय ठेवता आला नसता.

दादा, बाबांना नाशिकच्या दवाखान्यात न्यायला ती घाबरली, म्हणून बाबा गेले, असं तू बाराव्याला म्हणालास आणि उठून गेलास. त्या दिवशी तिथे काय झालं ते मी बघितलेलं नाही, त्यामुळे त्यावर मी बोलत नाही. ती बोलत नाहीच. पण ही बाई दिल्लीत, तुझ्याच शहरात, अर्धा दिवस होती. तू आला नाहीस. हे मी लक्षात ठेवणार आहे.

प्रगती


साखरशेत,
९ मार्च २०२५

देवादादा,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोडून टाक.

रूपेश घरी आला. वॉकर धरून ओट्यापर्यंत येतो, तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतो. मी बाळाला घेऊन माहेरी गेले होते, आजच परतले. मोहाची फुलं पडायला लागलीत, त्यामुळे सकाळी ती वेचायला सगळ्यांचीच धावपळ. दुपारी आई बाळाला तेल लावत बसली होती आणि मी सहज तुझा विषय काढला. सहज म्हणजे रागानेच. म्हटलं, दिल्लीत राहून भाऊ येत नाही, मग कसला भाऊ.

आईचा हात थांबला. म्हणाली, "आला हुता तो."

मी म्हटलं, कुठे?

"दारात."

मग तिने सांगितलं. तू आधी पहिल्या इमारतीच्या दारांवर फिरलास, मग कोणीतरी सांगितलं म्हणून दुसरीकडे आलास. ती रूपेशची खुर्ची दाराशी थांबवून पिशवीत तिकिटाचा कागद शोधत होती. मागून कोणीतरी "आये" म्हणालं. ती म्हणते, "दिल्लीत माला आये कोण म्हणंल? मी वळलेच नाय आधी."

तू म्हणालास, मी येतो मुंबईपर्यंत, तुम्ही थांबा. मोबाइलवर तिकीट बघत राहिलास. विमान भरलेलं होतं. जवानाला विचारलंस, नुसतं आत सोडा, बसवून येतो. तो म्हणाला तिकिटाशिवाय नाही. तू ऑफिसचं ओळखपत्र दाखवलंस. तो नाही म्हणाला. मागे लोक खोळंबले होते. आई सांगते, तू इतकी विनवणी करताना तिने तुला कधी बघितलं नव्हतं. लहानपणी आश्रमशाळेत सोडलं तेव्हासुद्धा तू काही मागितलं नव्हतंस, नुसता फाटकाला धरून उभा राहिला होतास.

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"म्हटलं, देवा, सोड त्यांना. त्यांचं काम हाय. तू जा घरी. मी नेते याला."

मी तेलाची वाटी तिच्याकडे सरकवली. ती पुन्हा बाळाच्या पाठीला तेल लावायला लागली. मग स्वतःहूनच म्हणाली, तू खाली वाकून रूपेशच्या पायावरची शाल नीट खोचलीस, त्याला कळलंसुद्धा नाही. मग तुला तिथेच रडू आलं. लोक बघत होते. आईने तुझा हात धरून ठेवला, जवान म्हणाला माताजी पुढे चला, तरी ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. तेवढ्यात तू फोनमध्ये तुझी मुलगी दाखवलीस. आईला चष्मा नव्हता, नीट दिसलं नाही, पण दिसलं म्हणाली.

मी विचारलं, मला इतके दिवस का नाही सांगितलंस? तर म्हणे तूच म्हणाला होतास, प्रगतीला सांगू नको, ती म्हणेल दारातून परत गेला.

म्हणाले असते. तुझं बरोबर आहे. पण दादा, ते दार तुझ्यासाठी बंद होतं, तू नाही केलंस बंद.

मग मला धीर आला म्हणून मी तिला ते विचारलं, जे आपल्यापैकी कोणी कधी विचारलं नाही. म्हटलं, आई, मस्कतला जाताना तुला भीती नाही वाटली? म्हणाली, "वाटली की. विमानात बसले तवा वाटली, उतरले तवा वाटली. दिल्लीला तर लयच वाटली. पण खुर्चीचा दांडा हातात हुता ना. तो सोडला असता तर घाबरले असते." बाबांच्या बाबतीत ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. तुला विचारायचं असेल तर तू विचार. ती तुला उत्तर देईल, असं मला वाटतं.

गावात आता तिला मान आलाय. आडोशीकडच्या एका बाईची मुलगी नर्स होऊन कतारला निघाली आहे, ती मुलीला घेऊन आईकडे आली. आईने तिला सगळं समजावलं. कागद हातात ठेवायचे, पेटीत नाही. बॅगेला आपलं काहीतरी बांधायचं. विचारायला लाजायचं नाही, चार जणांना विचारलं की पाचवा सांगतो. मुलगी शिकलेली, तिला हे सगळं माहीत असणार, तरी मान डोलवत ऐकत होती. जाताना आईच्या पाया पडली.

मुद्दा राहिलाच. काल रात्रीच्या जेवणाला आम्ही सगळे बसलो होतो. रूपेश म्हणाला, होळीला देवादादाला बोलवू या. मी म्हटलं, तो येईल का? आई ताटावरून वर न बघता म्हणाली, "त्याला नको बोलवू. त्याला रजा मिळंल ना मिळंल. मीच जाते. नात बघून येते."

रूपेश हसायला लागला. म्हणाला, एकटी जाशील?

"एकटीच गेले हुते."

तिकीट रूपेशने मोबाइलवर काढलंय. या वेळी मुंबईहून थेट दिल्ली, मधे काही बदलायचं नाही. रंगपंचमीच्या आधीच्या शनिवारी दुपारी पोचेल. तुझ्या मुलीसाठी तिने मोहाचे लाडू करायला घेतलेत आणि वहिनीला काय आवडतं ते मला विचारत होती. मला सांगता आलं नाही. कळव.

आणि तुझ्यासाठी तिचा निरोप आहे, शब्द तिचेच लिहिते. "देवाला सांग, बाहेरच उभा राहा. आत यायची खटपट करू नको, ते सोडत नाहीत. मी येते बाहेर."

प्रगती